खाटेसाठी निराधार

धीर मिळावा म्हणून कुणी हे वाचायला घेतलं असेल तर आधीच सांगते, माझ्याकडं तो फारसा नाही. मी बरी झाले, हे खरं. डाव्या पायानं लंगडते, पण चालते. पुढं शिकले, नोकरी केली. औषधानं काम केलं. त्या औषधापर्यंत पोचायला आमच्या घराचं जे झालं, ते मात्र कुठल्या डॉक्टरनं बरं केलं नाही. गेल्या महिन्यात गल्लीतली एक बाई लेकराच्या ऑपरेशनसाठी कसला दाखला लागतो ते विचारायला आली, तेव्हा माझा आवाज इतका चढला की ती बिचारी घाबरून उठली. म्हणून शांतपणे लिहून काढतेय. जमेल तितकं शांतपणे.

*

आमचं गाव पाथरीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर. घरात आबा, माय आणि मी. आबा म्हणजे माझे वडील. वाड्याच्या पुढच्या अंगाला आबांचे थोरले भाऊ, तात्या, त्यांच्या कुटुंबासह राहत. शेती एकत्र होती आणि सगळा कारभार तात्यांच्या हाती. आबा फक्त राबायचे. मी आजही तात्यांना अहोजाहो करते ते जिभेला वळण आहे म्हणून, मानानं नव्हे.

मी नऊ वर्षांची होते. पेरणीच्या दिवसांत माझा डावा पाय दुखायला लागला. आधी गुडघा, मग वर खुबा. झोपेत मी किंचाळून उठायची. गावच्या माणसानं चोळून पाहिलं, मग कुणीतरी बिब्बा घालायला सांगितलं. बिब्ब्यानं कातडी उतली, दुखणं तिथंच राहिलं. पाय आखडत गेला आणि एके दिवशी मला चूल ते उंबरा एवढंही जाता येईना. तेव्हा माय म्हणाली, "आता परभणीला न्यायचं. कुणी कायबी म्हणू."

गाडीनं मानवत रोड स्टेशन, तिथून आगगाडीनं परभणी. मी पहिल्यांदाच आगगाडीत बसले होते आणि खिडकीतून काहीच पाहिलं नाही. प्रत्येक हिसक्याला मी मायचा हात चावत होते.

दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. सरकारी होता एवढं पुरे. पायाचा फोटो काढला. डॉक्टरांनी तो उजेडाकडं धरला आणि आबांना म्हणाले, "खुब्याच्या हाडाला क्षय झालाय. वर्षभर खाटेवर ठेवावं लागेल. रोज इंजेक्शन. नाहीतर पाय जाईल, आणि मग पोरगीही."

आबांनी विचारलं, "हाडाला बी व्हतो का क्षय?"

मायनं माझ्या तोंडावरनं हात फिरवला आणि डॉक्टरांना म्हणाली, "ठिवा खाटंवर. आजच ठिवा."

"ते माझ्या हातात नाही," डॉक्टर म्हणाले. "खाटा आणि औषध सरकार फुकट देतं, पण नादार मुलांना. दफ्तरात जाऊन विचारा." माणूस वाईट नव्हता. पण एवढं बोलून त्यांनी तोंड फिरवलं, ते मी विसरलेली नाही.

*

दफ्तरात एक कारकून बसायचे. पांढरी टोपी, पांढरे कपडे, आणि समोरच्या माणसाकडं न बघता बोलायची सवय.

"जमीन आहे?"

आणि माझे आबा, आयुष्यात कधी खोटं न बोललेले, ताठ उभे राहून म्हणाले, "हाय की. घरची हाय."

कारकुनांनी लेखणी खाली ठेवली. "मग तुम्ही नादार कसे?"

माय पुढं झाली. "जमीन थोरल्या दीराच्या हातात हाय, साहेब. आमच्या हातात एक दाणा येत न्हाई त्यांनी दिल्याबगर."

"तुमच्या घरातलं भांडण मला सांगू नका. एकत्र कुटुंब, जमीनदार. पैसे भरा, नाहीतर पटवाऱ्याचा नादारीचा दाखला आणा. पुढचा कोण?"

मी आबांच्या पाठीवर होते. त्यांची पाठ एकदम ढिली पडली, ती मला छातीला कळली.

आम्ही परत गावी गेलो. पटवारी तात्यांच्याच ओसरीवर बसलेला असायचा, त्यामुळं दाखला म्हणजे तात्यांचा होकार. तात्यांनी ऐकून घेतलं, पान लावलं आणि म्हणाले, "नादार? आपलं घर? उद्या गावभर व्हईल. माझ्या पोरींला सोयरिकी कोण देईल मंग?"

"तर मंग पैशे द्या," माय पदराआडून म्हणाली. दीरासमोर ती त्या दिवशी पहिल्यांदा बोलली.

"पोरीच्या जातीवर किती घालायचं, ह्याला काय माप हाय का न्हाई? देवाच्या मनात असंल तर व्हईल बरी."

आबा जोत्याला टेकून खाली बघत बसले होते. "तात्या, लेकरू हाय वो," एवढंच म्हणाले. मला अजून त्या 'वो'चा राग येतो.

*

माय एकटीच मला घेऊन पुन्हा परभणीला आली. दोन दिवस दफ्तराच्या पायरीवर बसून राहिली. तिसऱ्या दिवशी कारकून वैतागले आणि तिला घालवून द्यायला म्हणाले, "अहो बाई, तुम्हाला नवरा आहे, घर आहे. नवऱ्यानं टाकलेली असतात तर निराधार म्हणून एका दिवसात खाट मिळाली असती. मी काय करू?"

त्यांना वाटलं, हिला गप्प केलं. माझी माय मात्र शब्द धरणारी बाई होती.

ती मला घेऊन गावाकडं परतली. घरी पोचल्यावर आबांना म्हणाली, "मला सोडा."

"म्हंजे?"

"काडीमोड करा. पंच बलवा. माझ्या नावानं दाखला निघंल. पोरीला खाट मिळंल."

आबांनी विचारलं, "खोटं खोटं?"

"खोटं दिसलं न्हाई पायजे," ती म्हणाली.

जे तात्या नादारीच्या दाखल्याला तयार नव्हते, ते या दाखल्याला एका शब्दात तयार झाले. मायला माझ्यानंतर मूल झालं नव्हतं आणि मुलगा तर नव्हताच. त्यांनीच पंच जमवले. मारुतीच्या पारापाशी बैठक बसली. मला गाडीत वाकळेवर झोपवलं होतं, तिथून मला सगळं दिसत होतं. तात्यांनी कडब्याची काडी स्वतः आणली. आबांच्या हातून काडी मोडेना, नुसती वाकली. तात्या म्हणाले, "नीट मोड."

मोडली. मग तात्यांनी मायपुढं हात पसरला. "डोरलं दे. ते आमच्या घरचं हाय."

मायनं मान वाकवून डोरलं काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. पटवाऱ्यानं दाखला लिहिला: नवऱ्यानं टाकलेली, कुणाचा आधार नाही. तात्यांनी साक्षीदार म्हणून सही केली. मी नऊ वर्षांची होते, पण त्यांचा चेहरा खूश होता हे कळायला वय लागत नाही.

*

खाट मिळाली. कारकुनांनी दाखला उलटसुलट करून पाहिला, मायचा मोकळा गळा पाहिला आणि म्हणाले, "बघा, कागद आणला की काम होतं."

पायाला दोरी बांधून खाटेच्या टोकाशी वजन लटकवलं, पाय सरळ व्हावा म्हणून. त्यानंतर कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर. रोज सकाळी इंजेक्शन. उजवी मांडी गाठींनी भरून गेली की दंडात, दंड सुजला की पुन्हा त्याच मांडीत. दुखण्याची सवय होते म्हणतात, ती मला झाली नाही. सुईची ताटली वाजली की मी रडायची, वर्षभर रडले.

ज्यांचं मूल प्लास्टरमध्ये आहे त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. खाटेच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवा. मला प्लास्टरच्या आत मुंग्या लागल्या होत्या आणि दोन दिवस कुणाला खरं वाटत नव्हतं. शेवटी शेजारच्या खाटेवरच्या रजियानं आरडाओरडा केला, "उसको मुंग्यां काटरे, देखो ना!" तेव्हा सिस्टर धावत आली. वाट्या रजियाच्या आईनं आणून दिल्या.

रजिया माझ्याएवढीच. तिच्या पाठीच्या कण्याला माझंच दुखणं होतं. तिचे अब्बा टांगा हाकायचे. त्यांना दाखला मागायचीही गरज पडली नव्हती, नुसतं बघूनच नादार लिहिलं होतं. मला तिचा हेवा वाटायचा. तिचे अब्बा रोज संध्याकाळी उघडपणे यायचे.

माझे आबा मामा होऊन यायचे.

मायनं मला बजावलं होतं. टाकलेल्या बायकोच्या पोरीला भेटायला बाप येतो हे कळलं तर दाखला खोटा ठरेल, खाट जाईल. म्हणून ते बाजाराच्या दिवशी यायचे, खाटेच्या कडेला अवघडून बसायचे, आणि मी म्हणायची, "मामा, कवा आलास?" पहिल्यांदा मला त्याची गंमत वाटली. आबाही ओठ दाबून हसले. पुढं पुढं कुणी हसेना. जीभ इतकी वळली की एकदा वॉर्डात कुणी नसतानाही मी मामाच म्हणाले, आणि आबांनी मला सुधारलं नाही.

कारकून दर महिन्याला फेरी मारायचे. "कुणाचा आधार आला का? कुणी पैसे पाठवतं का?" ते मायला विचारायचे आणि मग मला वेगळं विचारायचे, माय बाहेर असताना. लहान पोरांच्या तोंडून खरं निघतं असं त्यांना वाटायचं. माझ्या तोंडून कधी निघालं नाही. आजारपणात मी काय शिकले असं कुणी विचारलं तर मी हेच सांगते: सरकारी माणसाच्या डोळ्यात बघून खोटं बोलायला.

मायनं जिनिंगमध्ये काम धरलं होतं, कपाशीतला कचरा वेचायचं. तेही लपवून. कमावती बाई निराधार कशी? कामावरून आली की ती आधी नळावर जायची, तोंड धुवायची, डोक्यातला कापूस वेचून काढायची आणि मग वॉर्डात यायची. एकदा घाईत तशीच आली. फेरी सुरू होती. कारकून दोन खाटांपलीकडं. सिस्टर मायजवळ गेली आणि काही न बोलता तिच्या केसांवरून, पाठीवरून हात फिरवत कापूस झटकून टाकला. मग माझ्या प्लास्टरवर टकटक करून मोठ्यांदा म्हणाली, "ही पोरगी जेवत नाही, हिला रागवा." त्या बाईशी माझं दहा वाक्यंही बोलणं झालं नसेल. पण त्या सगळ्या इमारतीत मला कुणाच्या पाया पडावंसं वाटलं असेल तर तिच्याच.

*

दिवाळीत परभणीतल्या एका समितीच्या बाया लाडू वाटायला आल्या. भाऊबीज होती. वॉर्डातल्या मुलींनी डॉक्टरांना आणि दवाखान्यातल्या लोकांना ओवाळावं म्हणून त्यांनी ताट आणलं होतं. कुंकू, निरांजन, सुपारी. पुढं एक गोऱ्या, ठसठशीत बाई होत्या. सगळे त्यांना वकिलीणबाई म्हणत होते. कारकून त्यांच्या मागं मागं, कोण कुठली आणि कशानं निराधार ते सांगत.

आणि आबा नेमके त्याच दिवशी आले. बाजार नव्हता, काही नव्हतं. सणाला लेकरू एकटं म्हणून आले, टॉवेलात सीताफळं बांधून.

"ही टाकलेल्या बाईची मुलगी," कारकून म्हणाले.

वकिलीणबाईंनी आबांकडं पाहिलं. "आणि हे?"

कारकुनांनी आबांकडं पाहिलं, मग मायकडं. त्यांना आधीपासूनच संशय असावा. "हो, हे कोण?" त्यांनी हळूच विचारलं. "नेहमी येतात. बाईंचे तुम्ही कोण लागता?"

मी म्हणाले, "मामा हाय माजा."

"तुला नाही विचारलं."

आबांनी हातातलं गाठोडं खाली ठेवलं. ते म्हणाले, "भाऊ. भाऊ लागतो मी तिचा."

"अगं बाई!" वकिलीणबाईंना अगदी मनापासून आनंद झाला. "आज भाऊबीज आणि भाऊ दारात! नवऱ्यानं टाकलं तरी भाऊ उभा आहे बघा पाठीशी. ओवाळा ना भावाला, बाई. हे घ्या ताट."

मायच्या हातात ताट दिलं गेलं. सगळा वॉर्ड बघत होता. लाडू खात होता आणि बघत होता. कारकून भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांना घाई नव्हती.

मायनं माझ्याकडं बघितलं. माझ्या तोंडाकडं नाही, प्लास्टरकडं. मग आबांना म्हणाली, "बस, दादा."

माझ्या मायनं नवऱ्याला कधी 'तू' म्हटलं नव्हतं. आबा स्टुलावर बसले. टोपी सारखी करायला त्यांना हात सापडेना. मायनं कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, निरांजन फिरवलं. निरांजनाच्या उजेडात आबांच्या डोळ्यातलं पाणी गालावर आलं आणि वकिलीणबाई शेजारणीला म्हणाल्या, "किती माया आहे बघा."

"ओवाळणी घाला की, भाऊ!"

आबांनी खिसा चाचपला. शेवटी गाठोड्यातलं एक सीताफळ काढून ताटात ठेवलं. बाया हसल्या. चांगलं हसल्या, कुत्सित नव्हे. मला मात्र अजून ते हसू ऐकू आलं की घर सोडून पळावंसं वाटतं. त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. कारकूनही गेले.

मोठेपणी मी मायला विचारलं होतं, "तू अडचण आहे म्हणाली असतीस तर? बाहेरची आहे, ताट धरत नाही म्हणून?"

"सुचलं न्हाई गं," ती म्हणाली. "तुज्या पायाकडं बघत हुते."

त्या संध्याकाळी रजियानं माझ्याकडं मान वळवली. मग कुजबुजली, "अब्बा हैं ना तेरे?" मी उशीत तोंड घातलं. "मैं नै बोलती किसी को," ती म्हणाली. आणि बोलली नाही.

*

त्यानंतर आबा येईनासे झाले. एक बाजार गेला, दोन गेले, मग मी मोजायचं सोडलं. उन्हाळ्यात जिनिंगमध्ये आमच्या गावाकडची एक बाई कामाला लागली, तिनं मायला सांगितलं. तात्यांनी आबांचं दुसरं लग्न लावून दिलं होतं. काडीमोड पंचांसमोर झालेला, कुणाचं काय म्हणणं असणार?

मायनं ते मला त्याच दिवशी सांगितलं, केस विंचरता विंचरता. "तुज्या बापानं दुसरी केली." मी विचारलं, "मग आता आपण खरंच निराधार?" तिनं फणी जोरात ओढली. "मी मेले का?" म्हणाली.

तिच्या रागावर मी बरी झाले असं मला पुष्कळदा वाटतं. रडून दाखवणारी आई असती तर मी खचले असते. ती सगळ्यांना शिव्या द्यायची: तात्यांना, कारकुनाला, वकिलीणबाईंना, माझ्या न जेवण्याला. एक आबांना सोडून. त्यांचं नावच काढायची नाही.

*

प्लास्टर कापलं तेव्हा आतून जो पाय निघाला तो माझा नव्हता. काडीसारखा, खवले धरलेला, दुसऱ्यापेक्षा आखूड. खुबा जाम झालेला. डॉक्टर खूश होते. "वाचली," म्हणाले, "आणि चालेल." बगलेत कुबडी घालून मला उभं केलं. मी दोनदा पडले. रजिया आधीच घरी गेली होती, पट्टा बांधून का होईना पण स्वतःच्या पायांनी. मला ते आठवलं आणि मी तिसऱ्यांदा उठले.

हैदराबादचं राज्य नुकतंच मोडलं होतं आणि आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. दफ्तरावर नवी पाटी लागली होती. आत कारकून तेच. नाव कमी करताना ते मायला म्हणाले, "सरकारनं पोर वाचवली, बाई. उपकार विसरू नका."

"सरकारचे न्हाई इसरायची," माय म्हणाली. "तुमचे बी न्हाई."

त्यांनी मान वर करून बघितलं. बहुधा पहिल्यांदाच.

फाटकाबाहेर आबा उभे होते. बैलगाडी घेऊन, गावापासून आलेले. कुणी सांगितलं त्यांना कोण जाणे. दाढी वाढलेली. मला बघून ते खाली बसले आणि पाठ पुढं केली, लहानपणी मला घ्यायला करायचे तशी. "ये," म्हणाले.

मला त्या पाठीवर बसायचं होतं. हे मी कुणाला कधी सांगितलेलं नाही. कुबडीनं बगल सोललेली होती. पण मी त्यांच्या बाजूनं पुढं गेले.

आबा उठले. मायला म्हणाले, "चला घरी. दुसरी बी म्हणती, या म्हणून. दोगी ऱ्हावा. तात्यांला मी बोलतो."

"तू बोलतो?" माय म्हणाली. आता ताट नव्हतं, बघणारं कुणी नव्हतं, तरी ती 'तू'च म्हणाली. "जा तू. बैलं उन्हात हायती."

आम्ही दोघी चालायला लागलो. जिनिंगच्या मागं मायनं एक खोली घेतली होती. एरवी काही लांब नाही, पण मी दर थोड्या अंतरावर थांबत होते, आणि मी थांबले की मागं गाडीचं चाक थांबायचं. आबा कासरा धरून पायीच येत होते. मायनं एकदाही वळून पाहिलं नाही. मी पाहिलं.

खोलीपाशी पोचलो. आबांनी गाडीतून नव्या जवारीचं पोतं उतरवलं, पाठीवर घेतलं आणि उंबऱ्याशी आणून उभं केलं. मग ते तिथंच उभे राहिले, हात खाली सोडून. मायनं त्यांच्याकडं बघितलं, पोत्याकडं बघितलं. पोत्याचे दोन्ही कान धरून ते आत ओढून घेतलं आणि दार लावलं.

ती जवारी आम्ही संक्रांतीपर्यंत खाल्ली.